शिकवणारे कोणी नव्हते तेव्हा

धुळ्याहून जळगाव सुमारे ९० किलोमीटर. हे अंतर सायकलवर ५३ वेळा कापायचे, तेही बारा दिवसांत, आणि वाटेत एक वाळवंट व एक उत्तुंग पर्वतरांग. ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ या स्पर्धेचे खानदेशी मापाने वर्णन करायचे तर ते असे होईल. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती २०१७ मध्ये पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केली. हेच समर्थ पुढे इतरांचे प्रशिक्षक म्हणून ओळखले गेले. आजचा धागा त्यांच्या प्रवासाचा. परंतु त्यांना स्वतःला शिकवू शकेल असा अनुभवी माणूस भारतात जवळजवळ नव्हताच. तो का नव्हता, तेथूनच आरंभ करावा लागेल.

अतिदीर्घ पल्ल्याची सायकल शर्यत ही मूळची युरोपची. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत एका फ्रेंच वृत्तपत्राने भरवली. शार्ल तेराँ याने ती ७१ तासांच्या आसपास जिंकली. झोप हा शर्यतीतला खरा प्रतिस्पर्धी असतो, हे तेव्हाच कळून चुकले होते.

१९८२ मध्ये अमेरिकेत जॉन मरिनो, जॉन हॉवर्ड, मायकेल शर्मर आणि लॉन हाल्डेमन असे अवघे चार जण पश्चिम किनाऱ्यावरून न्यूयॉर्ककडे निघाले. हाल्डेमन दहा दिवसांच्या आत पोहोचला. पुढील वर्षी शर्मरच्या मानेचे स्नायू इतके शिणले की डोके सावरता येईना. त्या व्याधीला आजही ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. शरीर कोठे हार मानते याचे ज्ञान या खेळाने पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर अशा माणसांच्या हालांतून मिळवले.

महाराष्ट्रात सायकल शर्यतीची परंपरा नव्हती असे नाही. मुंबई–पुणे शर्यत दशकानुदशके गाजली. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून मिरवले गेले. पण ती शर्यत काही तासांची. तिच्या उस्तादांना वेग ठाऊक होता, घाट ठाऊक होता. चौथ्या रात्री खोगिरावर डोळा लागू लागला तर काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नव्हता.

बंगळुरूचे समीम रिझवी २०१० मध्ये अमेरिकेतील शर्यतीत उतरले, तेव्हा मागे पाहण्यासाठी त्यांच्यापुढे एकही भारतीय उदाहरण नव्हते. मुदतीत अधिकृत पूर्ती त्यांच्या हाती लागली नाही. २०१५ मध्ये नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या संघाने ती पूर्ण केली. २०१६ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांना अर्ध्यातून थांबावे लागले. ते २०१७ मध्ये पुन्हा गेले, आणि त्याच वर्षी समर्थही गेले.

गोकुलनाथ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोहोचले. समर्थ ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत. एकट्याने शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय गोकुलनाथ ठरले. वृत्तपत्रांना या ‘पहिले’पणाचे कौतुक असते. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की पहिल्याच प्रयत्नात उतरलेला माणूस दुसऱ्या प्रयत्नात उतरलेल्याच्या मागे जेमतेम अडीच तासांवर होता.

समर्थ लहानपणापासून क्रीडा-प्रबोधिनीत घडलेले खेळाडू नव्हेत. व्यवसायाने ते डॉक्टर, विषय सार्वजनिक आरोग्य. या खेळाकडे ते ट्रायथलॉनच्या वाटेने आले. बारा दिवसांत ४,८०० किलोमीटर म्हणजे रोज ४००. ताशी २५ किलोमीटरची गती धरली तरी रोज सोळा तास सायकलवर. उरलेल्या आठांत खाणे, कपडे बदलणे, जखमा बांधणे आणि झोप. म्हणून येथे पायांइतकेच महत्त्व हिशेबाला. किती पाणी, किती मीठ, कोठे वीस मिनिटांची डुलकी, हे सारे मागच्या गाडीतील चमू ठरवतो, कारण स्वाराची बुद्धी तोवर विश्वासार्ह राहिलेली नसते. ॲरिझोनाचा चाळिशीपार पारा आणि पाठोपाठ कोलोरॅडोतील दहा हजार फुटांवरील खिंडीची थंडी! भुसावळचा मे महिना सोसलेल्यास यातला पहिला अर्धा तरी समजावून सांगावा लागणार नाही.

समर्थ तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यत त्यांनी पूर्ण केली. पंधरा टप्पे, त्यांतील एक तर १,३०० किलोमीटरहून मोठा. २०२१ मध्ये सुवर्ण चतुष्कोनाची सुमारे ६,००० किलोमीटरची फेरी त्यांनी चौदा दिवसांच्या आत मारली. याच काळात नागपुरात त्यांची ‘माइल्स एन मायलर्स’ ही प्रशिक्षण संस्था चालू होती. खेळाडू निवृत्त होतो आणि मग प्रशिक्षक बनतो, हा आपल्या ओळखीचा क्रम येथे लागू पडत नाही. स्वार आणि शिक्षक या दोन्ही भूमिका बरोबरीने चालल्या. काल रस्त्यावर जे सोसले ते आज शिष्याच्या वेळापत्रकात उतरले.

नाशिकमध्ये हेच घराच्या आत घडले. हितेंद्र महाजन यांचे चिरंजीव ओम यांनी २०२० मध्ये श्रीनगर ते कन्याकुमारी हे सुमारे ३,६०० किलोमीटर साडेआठ दिवसांच्या आत पार केले. वडील आणि काका दोघेही या मार्गाचे जाणकार. रिझवींना जे लाभले नव्हते ते या तरुणाला जेवणाच्या ताटावर लाभले.

खानदेशातील नवोदितासाठी या खेळाची पहिली पायरी ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्यांची: २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर. तेथे क्रमांक नसतात, केवळ मुदत असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. धुळ्याहून जळगावला जाऊन परत यावे, तर जवळपास तेवढेच भरते.