दिवाळी : सुटकेचा सण

गोव्यात दिवाळी म्हटली की आधी नरकासुर. वाड्यावाड्यावर त्याचे पुतळे, स्पर्धा, बक्षिसे आणि रात्रभर कानठळ्या बसवणारे संगीत. पहाटे तो जळतो, आपण कारीट फोडतो, फोव खातो. पण भागवतातली कथा त्याच्या वधाने संपत नाही. कृष्णाने त्याच्या कैदेतल्या सोळा हजार स्त्रिया सोडवल्या. त्या पहाटे त्यांचे नाव किती जण काढतात?

अल्बेरुनीने इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी लिहिलेल्या ग्रंथात दिवाळीची जी कथा दिली आहे, तीही सुटकेचीच. पाताळात बंदिवान असलेल्या बळीला लक्ष्मी वर्षातून या एका दिवशी मोकळे करते.

जैनांची दिवाळी शांत असते. आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरीला महावीरांचे निर्वाण झाले. परंपरेप्रमाणे ते वर्ष इ. स. पू. ५२७. ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून तिथे जमलेल्या अठरा गणराजांनी दिवे लावले, असे कल्पसूत्र सांगते. जन्ममरणातून सुटका, याहून मोठी सुटका कोणती! आपल्या बांदिवडेला नेमिनाथाच्या बस्तीचे अवशेष आहेत. तिथेही कधीकाळी निर्वाणाचे दिवे लागत असतील.

बौद्धांकडे मात्र सुटकेची कथा सापडत नाही. सातव्या शतकातल्या हर्षाच्या 'नागानंद' नाटकाची नांदी बुद्धाची आहे आणि त्याच नाटकात दीपप्रतिपदेच्या उत्सवाचा उल्लेख येतो. नेपाळातले नेवार, मग ते हिंदू असोत वा बौद्ध, आपल्या पाडव्याच्याच दिवशी नवे वर्ष सुरू करतात आणि स्वतःच्या देहाची पूजा करतात. 'म्ह पूजा' म्हणतात तिला.

शीख तर या दिवसाला 'बंदी छोड दिवस' असेच म्हणतात. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळापासून शीख दिवाळीला गुरूंपाशी जमत. सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीराने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डांबले होते. सुटकेच्या वर्षाबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही, पण परंपरा मोठी हृद्य आहे. किल्ल्यात कैदेत असलेल्या बावन्न राजांना सोडल्याशिवाय आपण एकटे जाणार नाही, असे गुरूंनी सांगितले. बादशहाने अट घातली, जितके तुमच्या वस्त्राला धरून बाहेर पडतील तितके सुटतील. गुरूंनी बावन्न गोंड्यांचा झगा शिवून घेतला. ज्या ग्वाल्हेरवर पुढे शिंद्यांचे राज्य आले, तिथल्या किल्ल्यावर आज 'दाता बंदी छोड' नावाचा गुरुद्वारा उभा आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना तो ठाऊक आहे. आपण तिकडे जातो ते बहुतेक शिंद्यांचा वाडा पाहून परततो.