ठोंब्या कोण?

मंडळी, संगणक काही विचारू लागला की एक छोटी चौकट उघडते आणि खाली दोन बटणं दिसतात, 'ओके' आणि 'कॅन्सल'. आपण धड न वाचताच त्यातलं एक दाबून मोकळे होतो. पण हे 'ओके' तिथे आलं कसं, याची गोष्ट मोठी मजेशीर आहे.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत ॲपल कंपनी 'लिसा' नावाचा संगणक घडवत होती. माऊस आणि खिडक्या असलेला हा संगणक जानेवारी १९८३मध्ये जाहीर झाला. किंमत ९,९९५ डॉलर! तो तयार होत असताना लॅरी टेस्लर यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. (कट-कॉपी-पेस्टवाले ते हेच. २०२०मध्ये वारले.) त्यांनी नवख्या माणसांना लिसापुढे बसवलं, मनात येईल ते पुटपुटत काम करा म्हणून सांगितलं, आणि एकतर्फी काचेआडून त्यांच्याकडे नुसतं बघायचं ठरवलं.

तेव्हा त्या चौकटीत 'ओके' नव्हतं. तो शब्द फारच बोलीतला वाटल्यामुळे तिथे 'डू इट', म्हणजे 'कर', असं लिहिलं होतं. पण माणसं तिथे अडखळायची आणि भलतंच, 'कॅन्सल'च दाबायची. कारण कळेना. शेवटी एक गृहस्थ वैतागले. मी काही 'डोल्ट' नाही, हे यंत्र मला 'डोल्ट' का म्हणतंय, असं त्यांनी विचारलं. डोल्ट म्हणजे ठोंब्या! दोन शब्दांमधली जागा अगदी कमी होती, आणि त्या साध्या वळणात मोठा 'आय' हुबेहूब धाकट्या 'एल'सारखा दिसत होता. मग 'डू इट' गेलं आणि 'ओके' आलं. ॲपलमधलेच अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे.

गंमत म्हणजे बटण आपलं काम चोख करत होतं. प्रोग्रामची एकेक ओळ तपासली असती तरी हा दोष सापडला नसता. तो माणसाकडे बघूनच सापडला.

आम्हा मास्तरांचा एक जुना आडाखा आहे. एखादं पोर चुकलं तर पोराची वही बघावी. निम्मा वर्ग एकाच जागी चुकला तर प्रश्नपत्रिका बघावी.

आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं या बटणांवर आलं आहे. 'व्यवहार रद्द करायचा?' असा प्रश्न आणि खाली 'ठीक' व 'रद्द करा' अशी बटणं असली, तर माणसाने काय दाबावं? माझ्या वयाची मंडळी अशा वेळी घाबरतात, 'आता आपल्याला जमत नाही बाबा' म्हणून फोन नातवाच्या हाती देतात, आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. त्या गृहस्थांनी मात्र ठणकावून सांगितलं, म्हणून पुढच्या लाखो लोकांची अडचण टळली.

तेव्हा समवयस्कांनो, अडलात तर लाजू नका, मोठ्याने विचारा. आणि घरातल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांनो, आजीला एकदा तुमच्या प्रोग्रामपुढे बसवा. शिकवू नका, नुसतं बघा.