फळीवर वंदना

जालन्यातील आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला एक लांब सागवानी फळी होती. एरवी तीवर पितळेचे डबे ओळीने मांडलेले असत. भाद्रपदात ते डबे उतरवून त्याच फळीवर गणपती बसविला जाई. सायंकाळी आरती चालू असता ‘फळीवर वंदना’ हे शब्द आले की मी मान वर करून त्या फळीस भक्तिभावाने नमस्कार करीत असे. इतक्या जुन्या आरतीत आमच्या घरातील फळीचा उल्लेख असावा याचे मला नवल वाटले नाही. अभिमान मात्र वाटे. मूळ शब्द ‘फणिवरबंधना’ असा आहे, आणि सर्पराज ज्याने कटिबंध म्हणून बांधला आहे अशा गजाननास घातलेली ती हाक आहे, हे कळावयास मला इंग्रजी आठवीपर्यंत थांबावे लागले.

हा प्रकार घरोघरचा आहे, हे वाचकांस सांगावयास नकोच. सायंकाळच्या परवच्यात ‘दीपज्योती’च्या जागी ‘दीपक जोशी’ म्हणून कोणा अज्ञात गृहस्थास नित्यनेमाने नमन करणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. कदाचित आपणही त्यांच्यातलेच असू. शंकराच्या आरतीतील ‘लवथवती’ची ‘लवलवती’ होते, आणि गणपतीच्या आरतीत ‘संकटी’ पावावयाचे ते दैवत ‘संकष्टी’ पावू लागते. या चुकांस आपण हसतो आणि हसून सोडून देतो. परंतु इतिहासाचा अध्यापक या नात्याने मला त्यांत एका योगायोगाचे पुष्कळ दिवस कौतुक वाटत आले आहे. ज्या आरत्यांत मराठी मुले इतकी अडखळतात, त्या परंपरेने ज्यांच्या नावावर आहेत ते समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातले. आणि त्यांच्या चरित्रातील पहिली मोठी घटनाही, लहानपणी एका गीतातील एक शब्द इतरांहून निराळा ऐकण्याचीच आहे.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थांचे जन्मगाव. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला १९८१ साली. परंतु जांबेच्या ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला तो शके १५३० च्या, म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीस. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई, थोरले बंधू गंगाधरपंत. नारायण बारा वर्षांचा झाला तेव्हा, त्या काळच्या चालीप्रमाणे, त्याचे लग्न ठरले. मुलगा लग्नास राजी नव्हता. तेव्हा अंतरपाट धरीपर्यंत नकार द्यावयाचा नाही, असे वचन आईने त्याजकडून घेतले, अशी हकीकत सांप्रदायिक चरित्रकार देतात. जांबेजवळच्या आसनगावी मांडव पडला, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली. भटजींनी ‘सावधान’ म्हटले, आणि नारायण बोहल्यावरून पळाला तो थेट नाशिकजवळच्या टाकळीस पोहोचला. आईचे वचन त्याने मोडले नाही. ते जेवढ्या शब्दांत दिले होते तेवढ्या शब्दांत, अक्षरशः पाळले.

आता ‘सावधान’ हा शब्द मंगलाष्टकांत आला कोठून? पूर्वी मुहूर्त पाहण्यास घड्याळे नव्हती. पाण्याने भरलेल्या पात्रात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडीत. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. या घटिकापात्राकडे डोळे लावून बसलेल्या उपाध्यायाने, क्षण जवळ आला, लक्ष ठेवा, म्हणून द्यावयाचा तो इशारा. ‘अवधानासह’ एवढाच त्या शब्दाचा अर्थ. परंतु पिढ्यान्पिढ्या तोच शब्द त्याच चालीवर ऐकून मोठ्या माणसांना तो ऐकू येईनासा होतो. मांडवातील मंडळींना ‘सावधान’ म्हणजे अक्षता टाकावयाची खूण, यापलीकडे काही वाटत नाही. शब्द उरतो, अर्थ निघून जातो. बारा वर्षांच्या मुलाला मात्र तो शब्द आपल्यालाच उद्देशून उच्चारलेला वाटला, आणि त्याने तो तंतोतंत पाळला. मांडवातील सर्वांनी तो शब्द बरोबर ऐकला आणि त्यातले काहीच ऐकले नाही. एकाने तो चुकीचा ऐकला, म्हणजे ज्या अर्थी म्हटला होता त्याहून वेगळ्या अर्थी ऐकला, आणि खऱ्या अर्थाने ऐकणारा तेवढा एकटाच होता.

या कथेतील ऐतिहासिक अंश किती, हा प्रश्न योग्यच आहे. ती आपणांस मिळते ती मुख्यतः संप्रदायातील चरित्रांतून. त्यांतील प्रसिद्ध हनुमंतस्वामींची बखर तर समर्थांच्या देहावसानानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सिद्ध झाली. तेव्हा प्रत्येक तपशील घडला तसाच आहे असा आग्रह कोणी धरू नये. परंतु लोकांनी ही कथा तीन शतके प्रेमाने जपली, ही गोष्ट तर इतिहासच आहे. लहान मूल शब्दाला जितका मान देते तितका आपण देत नाही, ही जाणीव समाजाच्या मनात कोठेतरी असल्यावाचून अशी कथा टिकत नाही. अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीने तोच शब्द कसा ऐकला असेल, हे विचारण्याची मात्र आपल्याकडे चाल नाही. तिलाही तो तितकाच लागू पडला होता.

मुलांच्या या चुकांना इंग्रजीत नाव मिळाले ते एका बाईंच्या बालपणामुळे. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने १९५४ साली ‘हार्पर्स’ मासिकात आपली आठवण लिहिली. आई तिला एका स्कॉटिश सरदाराच्या वधाचा पोवाडा वाचून दाखवी. सरदाराला मारून हिरवळीवर टाकले, अशा अर्थाचे शब्द त्यात होते. मुलीला त्यांत ‘लेडी माँडेग्रीन’ नावाची एक स्त्री ऐकू आली. सरदाराच्या शेजारी तीही मरून पडली आहे असे चित्र तिने मनात रंगविले, आणि खरे शब्द समजल्यावर ती बाई नाहीशी झाली याचे तिला वाईटच वाटले. तेव्हापासून अशा चुकीला ‘माँडेग्रीन’ म्हणू लागले. एकाकी मरणाऱ्या सरदाराला सोबत असावी, असे त्या मुलीच्या मनाने ठरविले होते. कान केवळ निमित्त झाले. आमच्या फळीचेही तेच. निरर्थक शब्द मुलाला सोसत नाही. मोठी माणसे न कळलेला शब्द शुद्ध उच्चारून पुढे जातात. मूल तसे करीत नाही. जवळ असतील त्या शब्दांतून ते अर्थ उभा करते, मग तो शब्द फळी असो की शेजारचा जोशी.

या धोक्याची जाणीव आपल्या पूर्वजांना पुरेपूर होती. वेद लिहून नव्हे तर ऐकून शिकावयाचे. म्हणून संधी सोडवून एकेक पद सुटे म्हणण्याचा पदपाठ सिद्ध झाला. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. पुढे क्रम, जटा, घन असे पाठाचे प्रकार निघाले, आणि शब्द उलटसुलट फिरवून म्हटल्याने एक अक्षरही हलेनासे झाले. एका स्वराची चूक झाली आणि इंद्राला मारणारा पुत्र मागणाऱ्या त्वष्ट्याला इंद्राकडून मारला जाणारा पुत्र लाभला, ही कथा विद्यार्थ्याला धाक घालण्यासाठी सांगितली जाई. परंतु हा बंदोबस्त वेदांपुरता. जात्यावरच्या ओव्यांना आणि देवघरातील आरत्यांना पदपाठ नव्हता. टाळांच्या ठेक्यात जेथे शब्द तुटेल तेथे तो तुटे, आणि मुले तुटलेले तुकडे आपल्या समजुतीने जोडीत.

समर्थांना शब्दांच्या शुद्धतेची बेफिकिरी होती असे मात्र म्हणता येणार नाही. वीस दशक आणि दोनशे समास यांच्या दासबोधात श्रवणावर समास आहेत, आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे व सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, काना-मात्रा स्पष्ट असाव्यात, इतक्या बारकाईने तेथे सांगितले आहे. शिष्य कल्याणाने लिहिलेली दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली, आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्या आधारे १९०५ साली ग्रंथ छापून काढला. ज्या ग्रंथाची अक्षरे अशी राखली गेली, त्याच्या कर्त्याची आरती मात्र कागदावर न राहता कानांवरून धावली. १८९३ पासून गणेशोत्सव चौकांत आला, तेव्हा तर ती शेकडो कंठांनी एकदम म्हटली जाऊ लागली. आणि कंठ जितके अधिक, तितके शब्द कमी ऐकू येतात.

शब्द बरोबर आणि अर्थ शून्य, याचाही अनुभव आमच्या भागाने घेतला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. शाळेत निजामाचे कल्याण चिंतणारे उर्दू गीत म्हणावे लागे. माझे वडील ते म्हातारपणीही एकही अक्षर न चुकता म्हणून दाखवीत. अर्थ विचारला की हसत. तो कोणी सांगितला नव्हता, आणि त्यांनी विचारला नव्हता. उलट १९३८ च्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबादेत आणि हैदराबादेत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, त्यापायी महाविद्यालये सोडावी लागली, आणि पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. त्या गीतातील सारे समास त्यांपैकी प्रत्येकाला सोडविता आले असते असे नाही. पण गीत काय म्हणते हे त्यांना ठाऊक होते.

हे सारे मला फार उशिरा उमजले. आणि त्यापूर्वी माझ्या हातून एक गोष्ट घडून गेली. माझी आजी दर महिन्याची संकष्टी करी. तिची दोन मुले लहानपणीच गेली होती, व्रत तेव्हापासूनचे. आरतीत ती ‘संकष्टी’ असेच म्हणे. मी दहावीत असता छापील पुस्तकात ‘संकटी’ वाचले, आणि त्या वर्षीच्या गणपतीत चार पाहुण्यांदेखत आरती थांबवून तिची चूक दाखविली. आजी म्हणाली, “बरं बाबा, तू शिकलेला. तू म्हणशील तसं.” त्यानंतर ती जागा आली की तिचा आवाज खाली जाई; केवळ ओठ हलत. ती गेल्यावर केव्हातरी शब्दकोश चाळता दिसले की, संकष्ट म्हणजे संकटच. चतुर्थीला संकष्टी म्हणतात ते त्याचमुळे. माझे अक्षर बरोबर होते. अर्थ तिच्यापाशी आधीपासूनच होता. तिने तो दुःखाने मिळविला होता. मी तो पुस्तकातून मिळविला, आणि तोही अर्धाच.

गेल्या भाद्रपदात आमच्या पुतण्याची सहा वर्षांची मुलगी आरतीत मोठ्याने ‘फळीवर वंदना’ म्हणाली. आता आमच्या घरी फळी नाही. भिंतीतील कपाटे आहेत. म्हणून तिला विचारले, “फळी म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “आजोबा, फळी म्हणजे छोटा फळा. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून नमस्कार नाही का करत आपण?” घरातून फळी गेली, पण तो शब्द रिकामा राहिला नव्हता. मी तिला ‘फणिवरबंधना’ हा शब्द सांगितला, मूर्तीच्या पोटाभोवतीचा नाग दाखविला, आणि तिने तो आनंदाने पाठ केला. तत्पूर्वी मात्र तिचा अर्थ शेवटपर्यंत ऐकून घेतला.