परमुलखातून वऱ्हाडात

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कन्येचे परदेशातून पत्र आले. तिला तिकडे जाऊन चार वर्षे झाली. नोकरी आहे, घर आहे, शेजारही बरा आहे. तथापि पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, ‘‘बाबा, माणूस एखाद्या देशाचा किती वर्षांनी होतो?’’ आम्ही इतिहासाचे अध्यापक. अशा प्रश्नास तत्त्वज्ञानाने उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु हा प्रश्न आमच्या घराण्यास नवा नाही. आमचे पणजोबा १८८४ च्या सुमारास रत्नागिरीकडून वऱ्हाडात आले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तेही परराज्यातच आले होते. म्हणून तिच्या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडच्या इतिहासात शोधावे, असे आम्ही ठरविले.

परराज्य हा शब्द येथे अलंकारासाठी वापरलेला नाही. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचे देणे थकले म्हणून निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पण तो तोडून दिला नाही, केवळ कारभारासाठी सोपविला. सरकारी कागदोपत्री या प्रांताचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. पुढे १९०२ साली सालिना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो इंग्रजांस कायमच्या पट्ट्याने मिळाला आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला. तरीही मूळ सत्ता निजामाचीच मानली जाई. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातून निवडून आलेल्या सभासदांस सरकारने पुन्हा ‘नेमावे’ लागे, कारण हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसे! मुंबई इलाख्यातला मनुष्य बडनेऱ्यास गाडीतून उतरला, म्हणजे एक सरहद्द ओलांडून उतरला. ती जमिनीवर कोठे आखलेली नव्हती एवढेच.

मग इतकी माणसे येथे आली कां? पहिले कारण जमीनमोजणीचे. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी पद्धत लागू झाली. त्या पद्धतीची माहिती असलेले, मराठी दप्तर सांभाळणारे कारकून व कामगार मुंबई इलाख्यातच मिळण्यासारखे होते. दुसरे कारण कापूस. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली. विलायतेच्या गिरण्यांस तिकडून कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीस एकाएकी सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत लोहमार्ग अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोहोचला. १८७० साली खामगावची आणि १८७१ साली अमरावतीची शाखा सुरू झाली. गाडीबरोबर मारवाडी सावकार आले, कच्छी व गुजराती व्यापारी आले, इंग्रजी कंपन्यांचे अडत्ये आले, आणि त्यांच्या पाठोपाठ पुण्या-कोकणचे वकील, मास्तर व कारकून आले. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण त्या सर्वांनी ऐकली होती. त्यांतील सोन्याकडे सर्वांचे लक्ष होते. कुऱ्हाडीकडे कोणाचे गेले नसावे.

आमचे पणजोबा प्रथम कारकून होते. पुढे सनद घेऊन त्यांनी दर्यापुरास वकिली मांडली. दर्यापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातले गाव, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. ज्यांस हा पट्टा ठाऊक नाही, त्यांस एवढेच सांगतो की, अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या या काळ्या सपाटीत विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारट लागते. झुळझुळ वाहणाऱ्या पऱ्ह्याकाठी वाढलेल्या आमच्या पणजीने पहिल्या दिवशी त्या पाण्याने तोंड धुतले आणि ती रडली, असे आमचे वडील सांगत. वडिलांनी तिला म्हातारपणी पाहिले होते. तांदळाच्या पेजेऐवजी ज्वारीची भाकरी, नारळाऐवजी जवस आणि वैशाखात भेगाळलेली जमीन. या सर्वांची सवय तिला हळूहळू झाली. पाण्याची झाली नाही.

भाषेचीही अडचण होती. मराठी दोघांचीही, पण ‘मला’चे ‘मले’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ झालेला ऐकून पणजोबांस हसू येई. पुण्या-कोकणचे सुशिक्षित या बोलीस अशुद्ध म्हणत, आणि त्यांचीच मुले शाळेतून घरी येऊन ‘काऊन’ म्हणू लागली की त्यांस शिक्षा करीत. पणजीला मात्र शेजारची एक कुणबीण म्हातारी पहिल्याच आठवड्यात भेटली. ‘‘काय वो बाई, कोन्या गावची व्हय तू?’’ असे तिने विचारले, आणि दुसऱ्या दिवशी गावापासून लांब असलेल्या आपल्या शेतातल्या विहिरीचे पाणी घागर भरून आणून दिले. त्या एका विहिरीस, कशी कोण जाणे, गोडे पाणी होते. पणजी तिला ‘माय’ म्हणे. पुढे पंधरा वर्षे आमच्या घरचे पिण्याचे पाणी त्या विहिरीचे होते.

या पंधरा-वीस वर्षांत बाहेरून आलेल्या सुशिक्षितांनी येथे जे उभे केले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांचा जन्म १८५७ साली धुळ्याचा, शिक्षण मुंबईचे, पण कर्मभूमी अमरावती. १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. सर मोरोपंत जोशी अमरावतीचेच वकील. १९२८ साली नेमलेल्या संमतिवयाच्या समितीचे ते अध्यक्ष होते. दादासाहेब खापर्डे यांचा जन्म मात्र वऱ्हाडातलाच. ते मुंबईस शिकून परत आले आणि १८९७ साली अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष झाले. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष मद्रासचे शंकरन नायर होते. निजामाच्या मुलखातील एका कापूसपेठेत सर्व हिंदुस्थानचे प्रतिनिधी जमावेत, हा चमत्कार या नव्या-जुन्या रहिवाशांनी मिळून घडविला, यांत संशय नाही.

परंतु हा इतिहास येथेच थांबविला तर तो अर्धाच सांगितल्यासारखे होईल. अमेरिकेतील युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. तेजीच्या काळात शेतकऱ्याने जे कर्ज उचलले होते ते मात्र कोसळले नाही. रयतवारीने शेतकऱ्यास जमिनीवर हक्क दिला, पण तो विकता व गहाण टाकता येण्याजोगा असल्यामुळे तोच हक्क सावकाराच्या तिजोरीची किल्ली ठरला. १८८६ साली कारंज्यास कापसाचा नियंत्रित बाजार निघाला आणि १८९७ साली वऱ्हाडात बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानात या बाबतीत वऱ्हाड सर्वांच्या पुढे होता. पण बाजारसमित्यांत वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले. उरलेले काम कचेरीत होई. सावकार दावा लावी, वकील तो चालवी, आणि शेत हुकुमनाम्यात जाई. सावकार बाहेरून आलेला, वकीलही बहुधा बाहेरून आलेला. शेतकरी तेवढा येथला.

त्यातच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. संवत १९५६ चा म्हणून लोक त्यास ‘छपन्नचा दुष्काळ’ म्हणत. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे एकोणतीस लक्ष होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लक्षांवर आली. नुसत्या वाढीच्या हिशेबाने जी माणसे असावयास पाहिजे होती, ती तर या वजाबाकीत मोजलेलीच नाहीत. पणजोबांनी कुटुंबास कोकणात पाठविण्याचे ठरविले. पणजी गेली नाही. ज्यांचे पाणी प्यालो त्यांस टाकून आता गेले, तर पुढे कोणत्या तोंडाने परत येऊ, असे ती म्हणाली. ती राहिली आणि दारी येणाऱ्यांस जे होते ते वाढीत राहिली, हे आमच्या घरात अभिमानाने सांगितले जाते.

जे सांगितले जात नाही ते आम्हांस एका पेटीत सापडले. वडील वारल्यावर जुने कागद चाळताना दर्यापूरच्या एका दाव्याचे टिपण हाती आले. ते १९०१ सालचे, पणजोबांच्या अक्षरातले, मोडीत लिहिलेले. वादी सावकार, त्याचे वकील पणजोबा, आणि प्रतिवादी त्या ‘माय’चा मुलगा. ज्या शेतात ती विहीर होती तेच शेत लिलावात गेले. फीची रक्कम शेवटी नीटसपणे मांडली आहे. वडिलांनी पणजीची एक आठवण पूर्वी सांगितली होती, तिचा अर्थ आम्हांस त्या दिवशी लागला. नव्या मालकाने विहिरीचे पाणी वकीलसाहेबांकडे पूर्ववत पाठविण्याची तयारी दाखविली, तेव्हा पणजीने घागर परत केली, आणि दर्यापूर सुटेपर्यंत ती घरच्या विहिरीचे खारे पाणीच प्यायली. पणजोबांस ती कधी काही बोलली नाही. पणजोबांनी कायदा मोडला नव्हता. सनदेप्रमाणे आपल्या पक्षकाराचे काम त्यांनी चोख केले. म्हणूनच त्यांस दोष देऊन मोकळे होणे आम्हांस जमत नाही. त्या फीमधून आमच्या आजोबांचे शिक्षण झाले, आणि त्या शिक्षणातूनच आमची ही प्राध्यापकी आली.

याचे उत्तर वऱ्हाडाने आपल्या परीने दिले. पापळच्या शेतकरी कुटुंबातले पंजाबराव देशमुख विलायतेहून पदव्या घेऊन परत आले. १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि खेड्यांतल्या मुलांस वकील, मास्तर व डॉक्टर होण्याचा मार्ग मोकळा झाला. १९३३ साली मध्यप्रांतात कर्जलवादाचा कायदा झाला. ज्या विद्येच्या बळावर आमच्यासारखी घराणी येथे स्थिरावली, ती विद्या येथल्यांच्या हाती आली. त्या काळी बाहेरून आलेल्या कित्येक घरांत ‘आता आपले काय?’ अशी कुजबूज झाली असेल. आमच्या मते खरे स्थिरावणे त्यानंतरच सुरू झाले. कारण तोवर आम्ही वरच्या पायरीवर उभे होतो, आणि वरच्या पायरीवरून शेजार होत नाही.

वऱ्हाडची रीत याहून पुष्कळ जुनी आहे. तेराव्या शतकात गुजरातेतल्या भडोचेहून, परंपरेप्रमाणे प्रधानाच्या घरचा, एक पुरुष रिद्धपुरास गोविंदप्रभूंकडे आला. तेच चक्रधरस्वामी. त्यांनी येथल्या लोकांची भाषा आपली केली, आणि त्यांच्याच आठवणी म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. मराठी गद्याचा हा आद्य ठेवा परमुलखातून आलेल्या एका माणसाभोवती उभा आहे, आणि त्याच रिद्धपुरास आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. याउलट, उत्तरेकडून शिपाईगिरीसाठी व मजुरीसाठी आलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिली, तरी त्यांतील कित्येकांचे आडनावच ‘परदेशी’ होऊन बसले. १९४७ नंतर सर्वस्व गमावून आलेले सिंधी अकोल्यास ज्या वस्तीत राहिले, तिचे नाव आजही सिंधी कँप. एकास गाव आपला म्हणतो, दुसऱ्यास नाव देऊन दूर ठेवतो. हा न्याय सर्वांस सारखा झाला, असे इतिहासाच्या अध्यापकाने म्हणू नये.

पणजी उतारवयात एकदा माहेरी रत्नागिरीस गेली होती. तेथे तिच्या बोलण्यातले ‘मले’, ‘तुले’ ऐकून भाचरे हसली आणि तिला ‘वऱ्हाडीण’ म्हणू लागली. ती ठरल्यापेक्षा पंधरा दिवस आधी परत आली. ज्या बोलीस तिचा नवरा हसला होता, त्याच बोलीपायी ती माहेरी परकी झाली. कन्येलाही हा अनुभव कधीतरी येईल. तेव्हा तिने फार वाईट वाटून घेऊ नये.

आम्ही तिला जे उत्तर लिहिले त्याचा मथितार्थ असा: ‘वर्षांचा हिशेब आम्हांस लागला नाही. तुझ्या खापरपणजोबांस कमाईने, घराने व मानाने ते साधले असे वाटत होते. परंतु त्या मुलखाचे आपण काय देणे लागतो हे आधी ओळखले ते तुझ्या खापरपणजीने, आणि आमच्या समजुतीप्रमाणे ती त्या दिवसापासून वऱ्हाडची झाली. तुला तिकडे कोणी पाण्याची घागर आणून दिली असेल, तर ती विहीर कोणाची, हे तेवढे विसरू नकोस.’

पत्र पाठविल्यावर आम्ही दर्यापुरास जाऊन आलो. ते शेत कोणते, हे आता कोणासच सांगता येईना.