मंत्री तज्ज्ञ असावा काय?

आरोग्यमंत्री डॉक्टर आणि शिक्षणमंत्री प्राध्यापकच असावा, असे पुष्कळांना वाटते. इतिहास काय सांगतो?

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद (१९४७–५८) यांचे शिक्षण घरीच झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही त्यांच्या कारकीर्दीत १९४८ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला, १९५१ साली खरगपूरची आय.आय.टी. सुरू झाली आणि १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर होते.

त्याच मंत्रिमंडळात १९५० पासून चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणजे अर्थकारणातले खरे तज्ज्ञ. पण १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, तो सदसद्विवेकबुद्धीला स्मरून. तो निर्णय कोणत्याही पदवीने शिकविलेला नव्हता.

तात्पर्य, मंत्रालयात तज्ज्ञ हवेतच. मंत्र्यापाशी मात्र तज्ज्ञांची पारख, त्यांचे ऐकून घेण्याची वृत्ती आणि निर्णयाची जबाबदारी शिरावर घेण्याचे धैर्य हवे. विद्यार्थी मित्रांनो, उद्या मतदार म्हणून उमेदवाराची पदवी जरूर पाहा. पण हे तीन गुण आधी पाहा.