क्रीडाशिक्षकाचीं तीन वर्षें आणि एक बखर

अमेरिकेंत ‘फुटबॉल’ या शब्दानें जो खेळ ओळखला जातो, तो आपल्या मैदानांवर दिसणारा पायचेंडूचा खेळ नव्हे. तेथें चेंडू लंबगोल असतो. तो बहुधा हातांत घेऊन धांवावयाचें किंवा फेकावयाचें असतें. आणि अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकावी लागते. पहिले तीन प्रयत्न फुकट गेले म्हणजे चौथ्या वेळीं चेंडू लाथेनें दूर उडवून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करणें, हाच बहुधा शहाणपणा ठरतो. या माघारीला तिकडे ‘थ्री अँड आउट’ म्हणतात. जॉन बेकन या लेखकानें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाला हेंच नांव दिलें. ग्रंथाचा नायक रिच रॉड्रिगेझ हे मिशिगन विद्यापीठाच्या संघाचे मुख्य शिक्षक होते. त्यांनाहि तीनच मोसम मिळाले, आणि मग बाहेरची वाट दाखविण्यांत आली.

एका विद्यापीठाच्या खेळशिक्षकाची नोकरी गेली, यांत इतिहासानें नोंद घेण्याजोगें काय आहे, असें कोणी विचारील. उत्तर असें, कीं हा शिक्षक नुसता तालीममास्तर नसतो. ॲन आर्बर येथें १९२७ सालीं बांधलेल्या मिशिगनच्या क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. रॉड्रिगेझ यांना वर्षाला सुमारें २५ लाख डॉलर मिळत. ज्यांच्या बळावर हा डोलारा उभा होता, त्या विद्यार्थ्यांना मात्र त्या वेळच्या नियमांप्रमाणें शिक्षणवृत्तीखेरीज वेतन म्हणून कांहीं घेण्याची मनाई होती. एवढा पैसा आणि एवढी लोकभक्ति एका माणसाच्या खांद्यावर आली, म्हणजे त्याच्या यशापयशांत संस्थेचा स्वभाव उघडा पडतो.

मिशिगनचा स्वभाव घराण्याचा आहे. गायकीचें जसें घराणें असतें, तसें या खेळाचें तेथें घराणें आहे. १९६९ ते १९८९ अशीं एकवीस मोसम बो शेम्बेकलर यांनीं ही गादी सांभाळली. त्यांच्यामागून आलेले गॅरी मोलर आणि लॉइड कार हे दोघेहि त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले. १९८९ सालीं बास्केटबॉलच्या शिक्षकानें दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी पत्करली, तेव्हां क्रीडाधिकारी असलेल्या शेम्बेकलर यांनीं ऐन स्पर्धेच्या तोंडावर त्याला दूर केलें. मिशिगनच्या संघाला शिकवील तो मिशिगनचाच माणूस, असें त्यांनीं त्या वेळीं बजावलें. तेव्हांपासून ‘मिशिगन मॅन’ हे शब्द जणूं त्या घराण्याचें ब्रीद होऊन बसले.

शेम्बेकलर १७ नोव्हेंबर २००६ रोजीं वारले. पुढच्याच मोसमाच्या पहिल्या सामन्यांत, १ सप्टेंबर २००७ रोजीं, ॲपलाचियन स्टेट या खालच्या वर्गांतील संघानें मिशिगनला घरच्या मैदानावर ३४-३२ असें हरविलें. मोसमाच्या अखेरीस तेरा वर्षें शिक्षक असलेले लॉइड कार निवृत्त झाले. क्रीडाधिकारी बिल मार्टिन यांनीं शोध सुरूं केला, आणि तो अखेर परक्या माणसापाशीं येऊन थांबला.

रॉड्रिगेझ हे पश्चिम व्हर्जिनियांतील ग्रँट टाउन या कोळशाच्या खाणींच्या गांवीं वाढले. वडील खाणींत कामाला होते. ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा महाविद्यालयांत शिकवीत असतां, १९९० नंतरच्या दशकांत, त्यांनीं चढाईची एक निराळी रीत घडविली. खेळाडूंना मैदानाच्या रुंदीभर पसरून उभें करावयाचें. प्रतिपक्षाचा एक बचावपटु मुद्दाम मोकळा सोडावयाचा. आणि तो कोणीकडे झेपावतो तें पाहून क्वार्टरबॅकनें, म्हणजे चढाईच्या सूत्रधारानें, चेंडू सोबत्याला द्यावयाचा कीं स्वतः घेऊन पळावयाचें हें क्षणार्धांत ठरवावयाचें. या युक्तीनें धिप्पाड संघांना लहान व चपळ संघ भारी पडूं लागले. २००१ ते २००७ या काळांत आपल्या जुन्या विद्यापीठाला, वेस्ट व्हर्जिनियाला, त्यांनीं ६० सामने जिंकून दिले. १ डिसेंबर २००७ रोजीं पिट्सबर्गशीं १३-९ अशी अनपेक्षित हार झाली नसती, तर तो संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना खेळला असता. त्यानंतर थोड्याच दिवसांत रॉड्रिगेझ मिशिगनला गेले. करार मोडल्याबद्दलच्या ४० लाख डॉलरांसाठीं जुन्या विद्यापीठानें त्यांच्यावर फिर्याद केली. जुलै २००८ मध्यें तडजोड होऊन २५ लाख मिशिगननें आणि १५ लाख रॉड्रिगेझ यांनीं द्यावयाचे ठरले. नव्या घरांत पाऊल पडलें तें असें कज्जाच्या सावलींत.

म्हणतात, नव्याचे नऊ दिवस. रॉड्रिगेझ यांच्या वांट्याला तेहि पुरते आले नाहींत. हातीं आलेले खेळाडू जुन्या, सावकाश व भारदस्त पद्धतीसाठीं निवडलेले होते. मुख्य क्वार्टरबॅक आर्कान्सासला निघून गेला. दुसरा एक खंदा खेळाडू तर ओहायो स्टेटला, म्हणजे हाडवैऱ्याच्या गोटांत, जाऊन मिळाला. त्यांतच शिक्षकानें रूढीहि मोडल्या. साऱ्या मोसमासाठीं कर्णधार नेमण्याची वहिवाट सोडून त्यांनीं सामन्यागणिक कर्णधार नेमले. एक क्रमांकाचा अंगरखा नामांकित झेलपटूंचा मानला जाई. तो त्यांनीं नव्या बचावपटूला देऊं केला, आणि एका माजी खेळाडूनें उघड नापसंती दाखविल्यावर परत घेतला. गोष्टी क्षुल्लक खऱ्या, पण घराण्यांत क्षुल्लक गोष्टींनाच मोठा अर्थ असतो. २००८ सालीं बारापैकीं नऊ सामने गेले. एका मोसमांत इतक्या हारी मिशिगननें पूर्वीं कधीं पाहिल्या नव्हत्या. आणि ३३ वर्षें अखंड चालत आलेला मोसमाअखेरच्या ‘बाउल’ सामन्यांचा मान त्या वर्षीं तुटला.

दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर, ऑगस्ट २००९ मध्यें, ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ पत्रानें आरोप प्रसिद्ध केला, कीं मिशिगनचे खेळाडू नियमाबाहेर तास राबविले जातात. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचा नियम मोसमांत आठवड्याला २० तासांचा आहे. चौकशी वर्षभराहून अधिक चालली. निष्पन्न झालें तें आरोपाच्या मानानें थोडें, पण अगदींच निराधारहि नव्हे: दोन वर्षांत मिळून सुमारें ६५ तास जादा भरले, आणि विद्यापीठानें त्याच्या दुप्पट, १३० तास, सराव स्वतःहून कमी केला. संघटनेनें तीन वर्षांची देखरेख बसविली. शिक्षकावर ठेवलेला गंभीर आरोप अखेरीस सौम्य करण्यांत आला. परंतु मिशिगनच्या फुटबॉलवर मोठ्या नियमभंगाचा डाग प्रथमच पडला, आणि तो रॉड्रिगेझ यांच्या नांवावर चढला.

२००९ सालीं पांच विजय आणि सात पराजय. २०१० सालीं आशा पालवली. डेनार्ड रॉबिन्सन हा तरुण क्वार्टरबॅक वाऱ्यासारखा धांवूं लागला; त्यानें एका मोसमांत पायांनीं १,७०२ आणि फेकींनीं २,५७० यार्ड मिळविले. इलिनॉयशीं झालेला सामना तीन जादा डावांनंतर ६७-६५ असा सुटला, आणि त्याच आंकड्यांत साऱ्या कारकीर्दीचें दुखणें दिसतें. देशांतील १२० संघांत मिशिगनची चढाई यार्डांच्या हिशेबानें आठवी होती, तर बचाव ११०वा. १ जानेवारी २०११ रोजीं गेटर बाउलमध्यें मिसिसिपी स्टेटनें ५२-१४ असा धुव्वा उडविला. चारच दिवसांनीं नवे क्रीडाधिकारी डेव्हिड ब्रँडन यांनीं शिक्षकाला निरोप दिला. तीन वर्षांचा जमाखर्च: १५ विजय, २२ पराजय, ओहायो स्टेटविरुद्ध एकहि विजय नाहीं.

आतां ग्रंथाकडे वळूं. बेकन हे ॲन आर्बरचेच. शेम्बेकलर यांच्या नांवानें निघालेल्या पुस्तकाचे सहलेखक, आणि मिशिगनमध्यें शिकविणारे. एका नवीन पद्धतीचा उदय चितारावा एवढ्याच हेतूनें ते आंत शिरले. रॉड्रिगेझ यांनीं बैठकी, तालीम, सामन्यापूर्वींची खोली, पराभवानंतरची खोली, सर्व दारें त्यांना उघडीं ठेविलीं. विजयाची कथा लिहावयास गेलेल्या लेखकाच्या हातून पडझडीची बखर लिहिली गेली. आपल्या माजी खेळाडूंना दुसरीकडे जावयाचें असल्यास परवानगीच्या कागदावर सही करूं, असें कार यांनीं सांगितल्याचें हा ग्रंथ नमूद करतो. आणि वरिष्ठांनीं नव्या माणसाला बोलावून मग एकटें सोडलें, असा एकंदर ठपका ठेवतो. घर फिरलें म्हणजे घराचे वासेहि फिरतात, ही आपली म्हण त्या प्रकरणांना सहज लागूं पडते.

बखर वाचतांना बखरकार कोणाच्या तंबूंत बसला होता, हें विसरूं नये. बेकन शिक्षकाच्या खोलींत होते. तेथील अश्रु आणि रात्रीचीं जागरणें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. पलीकडच्या खोल्यांतील हेतु मात्र त्यांना बहुतांशीं इतरांच्या सांगण्यावरून जोडावे लागले. तरीहि हा ग्रंथ खुषमस्कऱ्याचा नाहीं. नायकाचा उतावळा स्वभाव, रूढींविषयींचें अज्ञान आणि बचावाकडे झालेली हेळसांड त्यांत झाकलेली नाहीं. तासांच्या आरोपांत नियमांत मोजले जाणारे आणि न मोजले जाणारे तास यांची वर्तमानपत्रानें गल्लत केली, हें त्यांनीं नियमांच्या आधारें दाखविलें. समकालीन साक्षीदारानें करावयाचें खरें काम हेंच आहे.

दोष मग कोणाचा? माझ्या मतें ११०वा बचाव कोणत्याहि कारस्थानानें निर्माण होत नाहीं. तेवढा भार शिक्षकानें उचललाच पाहिजे. परंतु पुढचा इतिहास संस्थेलाहि मोकळें सोडीत नाहीं. मागून आलेले ब्रेडी होक हे पूर्वीं कार यांचे सहायक. रॉड्रिगेझ यांनींच बहुतांशीं जमविलेल्या खेळाडूंना घेऊन त्यांनीं पहिल्या वर्षीं अकरा सामने जिंकले; मग उतार लागला, आणि २०१४ सालीं ब्रँडन व होक दोघेहि गेले. नंतर शेम्बेकलर यांचे शिष्य जिम हार्बो आले. त्यांचा आरंभ चांगला झाला, तरी ओहायो स्टेटपुढें त्यांचे पहिले पांचहि प्रयत्न फसले. २०२० सालीं सहापैकीं चार सामने गेले. नियमभंगाच्या चौकशा त्यांच्याहि काळांत झाल्या. तरी विद्यापीठानें दम धरला, आणि जानेवारी २०२४ मध्यें राष्ट्रीय अजिंक्यपद घरीं आलें. घरच्या माणसाला नऊ मोसम लाभले, परक्याला तीन.

आणि परका तरी कोण? १९०१ सालीं मिशिगनची कीर्ति उभारणारे फील्डिंग योस्ट हे पश्चिम व्हर्जिनियांतील ज्या परगण्यांत जन्मले, त्याच परगण्यांत रॉड्रिगेझ यांचें गांव आहे. स्वतः शेम्बेकलर ओहायोचे. हाडवैरी ओहायो स्टेटच्या छावणींत त्यांनीं उमेदवारी केलेली. म्हणजे घराण्याचे मूळ पुरुषच बाहेरून आलेले. ते जिंकले म्हणून घरचे झाले. आणि मागून येणाऱ्याला जिंकण्यापूर्वींच घरचें असल्याचा दाखला मागण्यांत आला. रॉड्रिगेझ पुढें ॲरिझोना व जॅक्सनव्हिल स्टेट येथें शिकवून डिसेंबर २०२४ मध्यें वेस्ट व्हर्जिनियालाच परतले. ज्या संस्थेला आपली परंपरा प्रिय आहे, तिनें ती प्रथम नीट आठवली पाहिजे, हा या बखरीचा धडा खेळाच्या मैदानापुरता नाहीं.