कल्पित पात्रांचा इतिहास : 'थोरातांची कमळा'

अक्कलकोट संस्थानचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले हे शाहू छत्रपतींचे मानसपुत्र आणि शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र. त्यामुळे संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा प्रश्न या भूमीशीही निगडित आहे. ही प्रतिमा दीर्घकाळ अस्सल कागदपत्रांपेक्षा कल्पित पात्रांवर उभी होती, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

संभाजी महाराजांची हत्या इ. स. १६८९ मध्ये झाली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. बखरकारांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता, ही बाब नजरेआड करता येत नाही. बखरीतील विलासी राजा पुढे रंगभूमीवर आला; राम गणेश गडकरी यांचे 'राजसंन्यास' हे अपूर्ण नाटक त्याचेच उदाहरण. १९४१ मध्ये भालजी पेंढारकरांच्या चित्रपटाने संभाजीराजांची प्रेयसी म्हणून कमळा घरोघरी पोहोचविली.

वा. सी. बेंद्रे (१९६०) आणि कमल गोखले (१९७१) यांनी समकालीन साधनांच्या आधारे ही प्रतिमा खोडून काढली. तथापि वाद शमला नाही. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडण्यात आला.

सारांश, कमळेला सतराव्या शतकाच्या इतिहासात स्थान नाही. विसाव्या शतकाच्या इतिहासात मात्र आहे. ती होती काय, यापेक्षा ती कोणी, केव्हा व कोणासाठी निर्माण केली, हा प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे. पुतळा हटविल्याने कल्पित पात्र पुसले जात नाही. त्याचा जन्मकाळ दाखवून दिला म्हणजेच इतिहास आणि कल्पित यांतील सीमारेषा स्पष्ट होते.